जुना चेक मजकूर कसा वाचावा: अक्षरजोड्या, टिंब आणि रेघ उलगडण्याची पद्धत

चेक भाषेचं आजचं लेखन परक्या माणसालाही पटकन साधतं, कारण कागदावरचं अक्षर आणि तोंडातला उच्चार यांची गाठ तिथे पक्की आहे. या गाठीचा विचार पहिल्यांदा नीट मांडला गेला तो १५व्या शतकाच्या सुरुवातीला, एका छोट्या लॅटिन ग्रंथात. त्याचं नाव 'दे ऑर्थोग्राफिआ बोहेमिका', म्हणजे चेक लेखनाविषयी. तो १४०६ ते १४१२ च्या दरम्यान लिहिला गेला असं मानतात. हस्तलिखितावर लेखकाचं नाव नाही, पण विचारांवरून आणि भाषेवरून तो यान हुसचा समजला जातो. हुस म्हणजे प्रागच्या बेथलेहेम चॅपलमध्ये १४०२ पासून चेकमधून प्रवचनं करणारा, पुढे प्राग विद्यापीठाचा कुलगुरू झालेला आणि ६ जुलै १४१५ रोजी कॉन्स्टान्समध्ये जिवंत जाळला गेलेला धर्मसुधारक.

जुनं चेक हस्तलिखित किंवा छापील पान समोर आलं तर ते कोणत्या लेखनपद्धतीतलं आहे हे ओळखायचं कसं आणि आजच्या चेकमध्ये उतरवून घ्यायचं कसं, ते इथे क्रमाने दिलं आहे. चेक थोडीफार येत असेल तर उत्तम. येत नसेल तरी पद्धत कळायला अडचण नाही.

आधी कान तयार करा

या कामात मराठी माणसाला एक मोठा फायदा आहे. 'चार' मधला च आणि 'चारा' मधला च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि वेगवेगळे उच्चारतो. चेकमध्ये हे दोन वेगळे वर्ण आहेत, आणि हुसच्या लेखनसुधारणेचा निम्मा व्याप या एका फरकाभोवती आहे. या लेखात 'चार' चा च साधा लिहिला आहे आणि 'चारा' चा च खाली टिंब देऊन, च़ असा.

बाकीचे उच्चार असे:

ज़ म्हणजे 'ज़मीन' मधला. झ़ म्हणजे इंग्रजी 'प्लेझर' च्या मध्ये ऐकू येतो तो. ख़ म्हणजे 'ख़बर' मधला घासून येणारा. चेकचा ह आपल्या ह सारखाच घोष आहे, तिथे वेगळी मेहनत नको. त, द, न यांचे मऊ उच्चार जीभ टाळूला सपाट टेकवून करायचे. मऊ न हा जवळजवळ आपला ञ. सगळ्यात अवघड तो ऱ्झ़: र थरथरत असतानाच त्याच श्वासात झ़ घासायचा, आधी र आणि मग झ़ असं नाही. शिवाय प्रत्येक स्वराला ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन रूपं आहेत आणि त्यांनी अर्थ बदलतो. डी-आर-ए-एच-ए या पाच अक्षरांतला पहिला ए लांबवला तर 'मार्ग', शेवटचा लांबवला तर 'प्रिय'.

लॅटिन वर्णमालेत यातल्या बऱ्याच उच्चारांना अक्षरच नव्हतं. पुढचा सगळा इतिहास म्हणजे ही उणीव भरून काढण्याची धडपड. म्हणून वाचताना अक्षराला चिकटून राहू नका. 'या जागी कोणता उच्चार शक्य आहे' हा प्रश्न आधी, 'कोणतं अक्षर आहे' हा नंतर.

पान कोणत्या पद्धतीचं आहे ते ओळखा

सलग दहाबारा ओळी घ्या आणि त्यांत च, श आणि ऱ्झ़ हे तीन उच्चार कसे दाखवलेत ते पाहा.

साधा सी, साधा एस, साधा आर, कसलीही भर नाही: ही आद्य पद्धत, साधारण ११व्या ते १३व्या शतकातली. अशा काळातली चेक बहुधा लॅटिन मजकुरातली व्यक्तिनामं, गावांची नावं आणि समासातल्या टिपा एवढीच सापडते.

शेजारी दुसरं अक्षर जोडून उच्चार दाखवला असेल, उदाहरणार्थ सी-झेड, आर-झेड, एस-एस: ही अक्षरजोड्यांची पद्धत. १३०० च्या आसपास ती आकाराला आली. १४व्या शतकातलं जवळजवळ सगळं चेक साहित्य हिच्यातच आहे.

अक्षराच्या डोक्यावर टिंब किंवा छोटी खूण असेल: हुसच्या ग्रंथातली किंवा तिच्यातून निघालेली पद्धत.

छापील पान असेल, डोक्यावर हाचेक नावाची व्ही आकाराची छोटी खूण असेल, पण श साठी मात्र दोन लांब एस (एसचा जुना, उंच आकार) आणि य साठी जी वापरला असेल: ही १६व्या शतकात स्थिरावलेली छापखान्यांची पद्धत. 'ब्रदरन' पंथाच्या छपाईमुळे तिला बंधूंची लेखनपद्धती म्हणतात.

फक्त खुणा दिसल्या म्हणून पानाचा काळ ठरवू नका. १५व्या शतकात एकाच लेखनिकाच्या हातून एका ओळीत टिंबाचा सी आणि पुढच्या ओळीत सी-झेड आलेला सहज दिसतो. नवी पद्धत माहीत असूनही हाताचं वळण जुनंच राहायचं. काळ ठरवायला हस्ताक्षराचं वळण, कागद आणि भाषेचं व्याकरण यांचा आधार घ्यावा लागतो. लेखनपद्धती सांगते ती फक्त 'याच्या आधीचं नाही' एवढी एक मर्यादा.

सर्वात जुनी वाक्यं: लितोम्येऱ्झ़िच़ेची सनद

सरावाला यापेक्षा चांगला मजकूर नाही. लितोम्येऱ्झ़िच़े इथल्या धर्मपीठाची स्थापनेची सनद १०५७ सालची, लॅटिनमध्ये. तिच्यावर १३व्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या हाताने दोन छोटी चेक वाक्यं जोडली गेली. पावेलने प्लोश्कोविच़े इथली जमीन दिली. व्लाखने दोलासची जमीन देवाला आणि संत स्तेपानला, दोन सेवकांसह दिली, असा मजकूर. ही चेकमधली सर्वात जुनी जपली गेलेली वाक्यं.

आता अक्षरं पाहा. 'पावेल' लिहिलंय पी-ए-यू-ई-एल. इथे यू म्हणजे व. लॅटिनमध्ये यू आणि व्ही हे एकाच अक्षराचे दोन आकार होते, तेच इथे. पुढे 'येस्त' (आहे) हे जी-ई-एस-टी असं. म्हणजे जी हा य. पण त्याच ओळीत 'देवाला' हा शब्द बी-ओ-जी-यू असा आहे, आणि तिथला जी य नाही. एका अक्षराला एका ओळीत दोन किमती.

एस-सी ही जोडी तर आणखी बोलकी आहे. प्लोश्कोविच़े या गावाच्या नावात एस-सी म्हणजे श्क. पुढे काही शब्दांनंतर संताचं नाव येतं, एस-सी-ई-पी-ए-एन-यू, आणि तिथे तीच जोडी श्च वाचायची: श्चेपानू. कोणतं वाचायचं हे अक्षरावरून कधीच कळणार नाही. गावाचं आणि संताचं नाव आधीच माहीत असलं तरच कळतं. व्लाखच्या शेवटचा ख़ नुसत्या एचने लिहिलाय, तोही तसाच.

शिवाय शब्द तोडलेले नाहीत. 'दाल येस्त' हे दोन शब्द एकत्र, 'आणि सेद्लाता' मधला 'आ' (म्हणजे आणि) पुढच्या नावाला चिकटलेला. म्हणून जुनं चेक वाचताना पहिली पेन्सिलखूण शब्दांच्या सीमेची करायची. उभयान्वयी, शब्दयोगी आणि 'स्ये' सारखे छोटे शब्द कुठे चिकटलेत ते आधी सोडवा. नाहीतर शब्दकोशात न सापडणारे लांबलचक शब्द तयार होतात आणि तासभर फुकट जातो.

अक्षरजोड्या सोडवणं

जोड्यांच्या पद्धतीचे दोन टप्पे आहेत आणि त्यांची किंमत वेगळी आहे. इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

जुन्या टप्प्यात, १३०० नंतरच्या काही दशकांत, लेखनिकांनी बराच काटेकोर हिशेब मांडला होता. सी-झेड म्हणजे च़, सी-एच-झेड म्हणजे च. झेड-झेड म्हणजे स, एकटा झेड म्हणजे ज़. एस-एस म्हणजे श आणि एकटा एस म्हणजे झ़. आर-एस म्हणजे ऱ्झ़. आजच्या डोळ्यांना हे उलटंपालटं वाटतं, कारण एकटा एस दिसला की हात 'स' लिहून मोकळा होतो. या टप्प्यात एस-ई हा शब्द 'झ़े' (की) आहे. त्याला 'से' वाचलंत की पूर्ण वाक्याची रचना कोसळते.

नव्या टप्प्यात हा काटेकोरपणा सैल झाला. एस म्हणजे स, एस-एस म्हणजे श, आर-झेड म्हणजे ऱ्झ़, इथपर्यंत ठीक. पण सी-झेड हे च आणि च़ दोन्हींसाठी आणि झेड हा ज़ आणि झ़ दोन्हींसाठी. वाचायला सोपं दिसतं, पण अर्थाचा भार वाचकावर पडतो. एम-ओ-सी-झेड हा शब्द घ्या. च़ वाचला तर 'सामर्थ्य', च वाचला तर 'लघवी'. धर्मग्रंथात कोणता आणि वैद्यकाच्या पोथीत कोणता, हे संदर्भानेच ठरतं.

टप्पा ओळखायची झटपट खूण: 'की' या अर्थाचा शब्द शोधा. तो मजकुरात दर दोनचार ओळींना येतो. एस-ई असेल तर जुना टप्पा, झेड-ई असेल तर नवा.

आर-झेड दिसलं की प्रत्येक वेळी ऱ्झ़ असंही नाही. 'उद्धट' या अर्थाचा द्र्ज़ी, 'वैताग आणणं' या अर्थाचा म्र्ज़ेती, यांत र आणि ज़ खरोखरच वेगळे आहेत. र हाच त्या उच्चारखंडाचा आधार आहे, जवळपास स्वर नाही, हे तिथे ओळखायचं. आर-झेडच्या आधी व्यंजन आहे आणि नंतर स्वर आहे, तर दोन्ही शक्यता लिहून ठेवा आणि शब्दकोशाने निकाल लावू द्या.

दीर्घ स्वर बहुतेक वेळा दाखवलेलाच नसतो. कधीमधी स्वर दोनदा लिहिलेला आढळतो. दुहेरी स्वर दिसला तर तो पुरावा आहे. एकेरी दिसला तर तो कसलाच पुरावा नाही.

हुसच्या ग्रंथातला नियम, आणि तो हाताने वापरून पाहणं

ग्रंथाची सुरुवातच मुळी या मुद्द्यावर आहे की लॅटिन वर्णमाला चेक लिहायला पुरत नाही. उपाय दोन खुणांचा. मऊ किंवा वेगळ्या व्यंजनावर गोल टिंब, लॅटिनमध्ये 'पुंक्तुस रोतुंदुस'. दीर्घ स्वरावर बारीक रेघ, 'ग्राच़िलिस विर्गुला'. साध्या उच्चाराला काहीच नाही. एक उच्चार, एक अक्षर, आणि जादा अक्षर कुठेही नाही. फक्त ख़ साठी सी-एच ही जोडी टिकली, ती आजही टिकून आहे आणि चेक शब्दकोशात एचच्या नंतर स्वतंत्र अक्षर म्हणून लागते.

नियम अंगवळणी पडावा म्हणून ग्रंथात वर्णमालेचं एक वाक्य आहे. त्यातला प्रत्येक शब्द पुढच्या अक्षराने सुरू होतो. पहिले सहा शब्द: आ, बुदे, च़ेले, चेलेदी, दानो, द्येदिच़्स्त्विए. अर्थ साधारण 'आणि घरच्या साऱ्या माणसांना वारसा दिला जाईल'. ए, बी, सी, टिंबाचा सी, डी, टिंबाचा डी असा क्रम.

हे वाक्य कागदावर दोनदा लिहा, सुधारणेचं मर्म आपोआप हाताला लागेल. आधी नव्या टप्प्यातल्या जोड्यांनी: तिसरा शब्द सी-झेड-ई-एल-ई, चौथा सी-झेड-ई-एल-ई-डी-आय. पहिली पाच अक्षरं तंतोतंत सारखी, उच्चार मात्र एकात च़ आणि दुसऱ्यात च. आता टिंबाने: तिसऱ्याचा सी रिकामा, चौथ्याच्या सीवर टिंब. तिसऱ्याच्या शेवटच्या ईवर रेघ, 'दानो' मधल्या एवर रेघ. डोळ्याला फरक लगेच दिसतो आणि अक्षरंही कमी लागतात. 'भाषण' या अर्थाचा ऱ्झ़ेच हा शब्द जोड्यांत पाच अक्षरांचा आहे, टिंबांनी तीन. 'चार' हा आकडा, च्तिऱ्झ़ी, सातावरून पाचावर येतो.

सरावासाठी पुढची पायरी अशी. आजच्या चेकमधलं एखादं वाक्य घ्या. प्रत्येक हाचेकच्या जागी टिंब द्या. त, द, न यांच्या मऊपणाची खूण आज पुढच्या ईवर बसते. ग्रंथात ती व्यंजनावर बसते, म्हणून 'द्येदिच़्स्त्विए' मधलं टिंब डीवर घ्या. यू वरचं छोटं वर्तुळ मात्र जसंच्या तसं उतरवू नका. हुसच्या काळी तिथे वेगळा उच्चार होता: घोडा म्हणजे कोञ, दीर्घ ओ. पुढे त्याचा 'उओ' झाला, मग दीर्घ उ झाला, आणि यूच्या डोक्यावर बसलेला ओ तेवढा आठवण म्हणून उरला. एलचे त्या काळी दोन उच्चार होते आणि तेही टिंबानेच वेगळे केलेले होते. आजच्या चेकमध्ये हा फरक उरलेला नाही.

संगणकावर लिहायचं तर टिंबवाली बहुतेक अक्षरं युनिकोडमध्ये स्वतंत्र आहेत. नसेल तिथे साधं अक्षर टंकून त्याच्या मागोमाग ०३०७ क्रमांकाचं जोडटिंब द्या. काही फॉन्टमध्ये ते सरकलेलं दिसतं; फॉन्ट बदला, अक्षर बदलू नका.

टिंबाची कल्पना कुठून आली यावर अभ्यासकांचं एकमत नाही. हिब्रू लिपीत टिंबांनी उच्चार बदलतो, तो एक धागा. दुसरा प्रागमधलाच: चौथ्या कार्लने १३४७ मध्ये स्थापलेल्या एमाउस मठात क्रोएशियातून आलेले भिक्षू ग्लागोलित्सा लिपी वापरत, आणि त्या लिपीत स्लाव्ह उच्चारांना मुळातच स्वतंत्र अक्षरं होती. हुसला भाषेच्या घडणीची मनापासून कळकळ होती एवढं मात्र नक्की. प्रागचे लोक हात पुसायच्या फडक्याला जर्मन वळणाने 'हांतुख़' म्हणतात, यावरही त्याने लिहून ठेवलं आहे.

खुणा वाचताना काय फसतं

एक मोठी अडचण अशी की ग्रंथाचं मूळ हस्तलिखित आपल्याकडे नाही. आहे ती ओल्द्रझ़िख़ क्रझ़ीझ़ या तेल्चच्या लेखनिकाने १५व्या शतकात केलेली नक्कल. ती त्ऱ्झ़ेबोञ या गावच्या संग्रहात १८२० च्या दशकात फ्रांतिशेक पालाच़्की या इतिहासकाराच्या हाती लागली. नक्कल करणारा माणूस सवयीने खुणा गाळतो, भलतीकडे देतो. म्हणून एखाद्या अक्षरावर टिंब नाही याचा अर्थ तिथे ते कधीच नव्हतं असा काढू नये. इतर हस्तलिखितांनाही हेच लागू.

टिंब आहे की शाईचा ठिपका? तोच शब्द त्याच हातात आणखी तीन ठिकाणी शोधा. टिंब खरं असेल तर ते अक्षराच्या साधारण मध्यावर आणि त्याच उंचीवर पुन्हा दिसतं. पानामागची शाई झिरपून आलेला ठिपका त्याच पानाच्या मागच्या बाजूला तपासता येतो.

वायवरचं टिंब सोडून द्या. मध्ययुगीन लेखनिक वायवर सवयीनेच टिंब देत, लॅटिनमध्येसुद्धा. त्याचा उच्चाराशी संबंध नाही. तसंच आयवरची केसासारखी रेघ: एम, एन, यू, आय हे सगळे सारख्याच उभ्या दांड्यांचे असतात, त्यांच्या गर्दीत आय ओळखू यावा म्हणून ती दिलेली असते. ती दीर्घत्वाची रेघ नव्हे.

आडवी रेघ ही सगळ्यात धोक्याची. स्वराच्या डोक्यावर पसरट आडवी रेघ असेल तर पुढचा एम किंवा एन गाळलेला आहे, हा लॅटिनमधून आलेला संक्षेप. ती दीर्घ खूण समजून वाचली तर शब्दाचं एक व्यंजनच हरवतं. दीर्घत्वाची रेघ तिरकी आणि आखूड असते.

लांब एस आणि एफ यांची गल्लत अटळ आहे, निदान सुरुवातीला. दांडीला आडवी पट्टी आरपार गेली असेल तर एफ. पट्टी नसेल किंवा डावीकडेच अर्धी असेल तर एस. चेकमध्ये एफ मुख्यतः परक्या शब्दांतच येतो, त्यामुळे शंका आली की आधी एस धरून पाहा.

छापील बंधू-पद्धत आजच्या लेखनात आणणं

१५व्या शतकाच्या उत्तरार्धात छपाई आली. टिंबाचा हळूहळू हाचेक झाला. पोलिश भाषेत मात्र झेडवर ते टिंब आजही आहे. १५३३ मध्ये नाम्येश्त इथे पहिलं चेक व्याकरण छापलं गेलं, आणि १५७९ पासून सहा खंडांत निघालेल्या क्रालिच़े बायबलने लेखनाचा जो साचा घालून दिला तो पुढे दोन शतकांहून जास्त चालला.

हा साचा आजच्या लेखनात आणायचे नियम थोडेच आहेत, पण त्यांचा क्रम चुकला तर सगळा मजकूर नासतो. संगणकावर शोधा-बदला करणाऱ्यांनी तर हा क्रम समोर लिहूनच ठेवावा.

१. जीवर खूण असेल (खरा ग) तर त्याच्या जागी तात्पुरतं एखादं वेगळंच चिन्ह ठेवा.

२. सगळे जे बदलून दीर्घ आय करा.

३. मग सगळे जी बदलून जे करा. हा क्रम का, ते 'तिचा' या अर्थाच्या येयी या शब्दात दिसतं. छापलेलं असतं जी-ई-जी-जे. आधी जे बदलला की जी-ई-जी-दीर्घ आय, मग जी बदलला की बरोबर शब्द. उलट केलंत तर आधी तीन जे होतात आणि दुसऱ्या फेरीत तिन्ही दीर्घ आय होऊन बसतात.

४. शब्दाच्या सुरुवातीचा व्ही बदलून यू करा.

५. त्यानंतरच डब्ल्यू बदलून व्ही करा. इथेही उलट केलं तर शब्दाच्या सुरुवातीचे सगळे व पुसले जाऊन उ होतात.

६. दोन लांब एस बदलून श करा.

७. ए-यू बदलून ओ-यू करा, पण डोळ्याखालून घालून. 'न्यायनिवाडा' साठी एस-ए-यू-डी चं एस-ओ-यू-डी होतं. 'शिकवणं' या अर्थाच्या शब्दात मात्र 'ना' हा उपसर्ग आणि 'उ' ने सुरू होणारं क्रियापद एकत्र आलेत, तिथे ए-यू तसंच ठेवायचं.

८. सी, एस, झेड यांच्यानंतरचा वाय एकेक करून तपासा. या तीन अक्षरांनंतर छापखान्यांनी सरसकट वाय वापरला. 'हिवाळा' चा ज़िमा आज आयने लिहितात, 'भाषा' चा याज़िक आणि 'मुलगा' चा सिन वायनेच. उच्चार दोन्हीचा एकच. कुठलं अक्षर हे व्युत्पत्तीवरून ठरतं, जसं आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घाचं. शब्दकोश उघडल्याशिवाय ही पायरी पूर्ण करू नका.

श साठी दुहेरी एस इतकी वर्षं टिकला याचं एक साधं कारण साच्यात आहे: लांब एस इतका उंच असतो की त्यावर हाचेक बसवायला जागा उरत नाही.

चौथ्या पायरीवर थोडं थांबा. योहानच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या वचनात 'शब्द देवापाशी होता' असं आहे. 'पाशी' साठी चेकमध्ये उ हे एकाक्षरी शब्दयोगी अव्यय. जुन्या छपाईत ते शब्दाच्या सुरुवातीला असल्यामुळे व्ही छापतात. तो व्ही तसाच ठेवला तर आजच्या चेकमध्ये 'देवामध्ये' असा अर्थ डोकावतो आणि व्याकरणही जमत नाही. एका अक्षराने धर्मशास्त्र बदलतं.

ही जुनी वळणं टप्प्याटप्प्याने गेली. १८१९ मध्ये सी, एस, झेड नंतरच्या वायचा निकाल लागला. १८४२ मध्ये जी आणि जे बदलले. १८४९ मध्ये डब्ल्यू आणि ए-यू गेले. म्हणजे १८३० चं एखादं चेक पुस्तक हाती आलं तर वरची आठवी पायरी बहुधा लागणार नाही, बाकीच्या लागतील.

कामाची मांडणी आणि शब्दकोश

प्रत्येक ओळीखाली तीन ओळी ठेवा. पहिलीत अक्षरं जशी आहेत तशी, चुकांसकट, चिकटलेले शब्द चिकटलेलेच. दुसरीत शब्द तोडून उच्चार. तिसरीत आजचं लेखन. चेक संपादकही अक्षरशः उतरवणं आणि उच्चाराप्रमाणे लिहिणं ही दोन कामं वेगळी धरतात, आणि ती एकत्र केली की पुढे आपलाच अंदाज मूळ मजकूर समजून बसायची भीती असते. पहिली ओळ एकदा लिहून झाली की तिला हात लावू नका. दुरुस्ती फक्त खालच्या दोन ओळींत.

हस्तलिखितांच्या छायाचित्रांसाठी चेक राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'मानुस्क्रिप्तोरिउम' हे डिजिटल भांडार आहे. शब्दांसाठी चेक विज्ञान अकादमीच्या भाषासंस्थेचं 'वोकाबुलारझ़ वेबोवी' वापरा. त्यात जुन्या चेकचे कोश एकत्र शोधता येतात आणि संपादित मजकुरांचा संग्रहही आहे.

शोधताना शब्दाचं आजचं रूप घालून काहीच सापडलं नाही तर घाबरायचं कारण नाही. जुन्या चेकच्या कोशांत मुख्य शब्द साधारण १४व्या शतकाच्या उच्चाराप्रमाणे लावलेले असतात. आजच्या वर्तुळवाल्या यूच्या जागी दीर्घ ओ घाला: घोड्यासाठी दीर्घ ओ चा कोञ. आजच्या ओ-यू च्या जागी दीर्घ यू: पिठासाठी मोउका नाही, मूका. मऊ व्यंजनानंतरच्या इच्या जागी उ घालून पाहा: 'परका' या अर्थाचा च़िज़ी हा च़ुज़ी म्हणून सापडेल, 'सकाळ' चा यित्रो हा युत्रो म्हणून. तरीही नाही सापडला, तर पहिल्या ओळीकडे परत जा आणि तीन गोष्टी याच क्रमाने तपासा: शब्दाची सीमा चुकली का, लांब एसला एफ समजलो का, आणि सी-झेड व झेड यांची दुसरी किंमत घालून पाहिली का.